अक्षता मावतील असा पेनड्राइव्ह

पालमच्या बसप्पांच्या घराण्यात एक रीत होती. ती कुणी लावून दिली हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर ठरलेलं : "आधीपासून हाय." रीत अशी, की लेकीच्या डोक्यावर अक्षता पडत असताना आईनं ते बघायचं नाही. चुलत्या, मावश्या, पार कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा मांडवात उभा राहून बघणार, आणि जिच्या पोटी ती पोरगी आली ती बाई आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून दिवा सांभाळत बसणार. असल्या रिती काढणाऱ्यांना स्वतःची लेक नसावी, किंवा असली तर तिचं लग्न त्यांनी चांगलं पोटभर बघितलेलं असावं.

नीलम्मानं रीत पाळली. मार्गशीर्षात तिच्या एकुलत्या एका लेकीचं, धनश्रीचं, वालूरच्या मल्लेशशी लग्न लागलं, तेव्हा ती कार्यालयातल्या निळ्या दाराच्या खोलीत पाठमोरी बसली. दार सताड उघडं होतं, पण मान वळवायची नव्हती. बाहेर लग्न लावणाऱ्या स्वामींचा आवाज चढला, वाजंत्री वाजली. नीलम्माच्या ओंजळीत हळदीत रंगवलेली ज्वारी होती. बाहेर अक्षता पडल्या की तीही मूठ सोडायची, समोरच्या भिंतीवर.

"त्या दिवशी भिंतीचं लगीन चांगलं लागलं बगा," असं ती नंतर गल्लीत हसून सांगायची. बायकाही हसायच्या. पण घरी एकटी असली की तिला वाटायचं, सगळ्या जगानं आपली लेक नवरी झालेली बघितली, आपण तेवढे राहिलो. ते तिला लागलं होतं, आणि चांगलंच लागलं होतं.

आता उपाय एकच होता. लग्नाची फिल्म. फोटोग्राफर मुलाकडचा, त्यामुळं फिल्म वालूरला धनश्रीच्या लॅपटॉपमध्ये होती. धनश्री म्हणाली, "आई, आप्पाच्या फोनवर तुकडा पाठवते." नीलम्मानं साफ नकार दिला. बसप्पांच्या फोनची काच उभी तडकलेली, आणि त्यावर दिवसभर खताचे भाव येणार. बसप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. "लेकीच्या अक्षता काय युरियाच्या भावाखाली बघायच्या?" ती म्हणाली. तिला टीव्हीवर बघायचं होतं, पाटावर बसून, गल्लीतल्या चार बायकांना तिळगूळ देत. रीत मोडते का, हा विचार तिनं केला होता आणि निकालही स्वतःच देऊन टाकला होता : रीत त्या घटकेपुरती. घटका गेली, रीतही गेली.

धनश्रीची पहिली संक्रांत सासरी होती, म्हणजे ती काही इतक्यात येत नव्हती. तेव्हा पेनड्राइव्ह वालूरला पाठवायचा, तिनं फिल्म भरून परत पाठवायचा, असं ठरलं. ने-आण करायला शेजारचा बजरंग होता. तो टेम्पोत कापूस घालून सेलूच्या जिनिंगला जायचा. वालूर काही अगदी वाटेवर नव्हतं, पण पार्वतीबाईंच्या हातचा चहा वाटेवर होता असं तो म्हणायचा. पार्वतीबाई म्हणजे मल्लेशची आई, नीलम्माची विहीण.

तिळाची खरेदी करायला गेले तेव्हाच नवराबायको योगीराजच्या मोबाइलच्या दुकानात शिरले. बसप्पांनी बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. योगीराजनं तो कॉम्प्युटरला लावला आणि विचारलं, "काका, फॉरमॅट कोणता करून देऊ?"

कुणी काही विचारलं की 'मला ठाऊक नाही' एवढं सोडून बसप्पा काहीही म्हणू शकत. "कोणकोणते हायत?" त्यांनी लुगड्याचे रंग विचारावेत तसं विचारलं.

"तीन हायत बगा," योगीराज म्हणाला. "एक फॅट थर्टी-टू. जुनं हाय, पण टीव्ही, टेप, ट्रॅक्टर, कुठंबी लावा, चालतंय. फकस्त चार जीबीच्या वरची एक अखंड फाइल त्यात मावत न्हाई. दुसरं एनटीएफएस. ते केवढीबी फाइल घेतंय, पण जुन्या टीव्हीला ते वाचता येत न्हाई. तिसरं एक्सफॅट, मधलं. त्यालाबी टीव्ही नवाच लागतंय. तुमचा टीव्ही कंचा हाय?"

"टीव्हीचं ऱ्हाऊ दे. ह्यात मोठं कंचं?"

"मोठं-लहान असं नसतंय काका त्यात..."

बाहेरच्या बाकावर तिळाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या नीलम्माला एवढंच ऐकू आलं, की एक जुनं आहे आणि एक मोठं आहे. ती तिथूनच म्हणाली, "आवो, लेकीच्या सासरी जायचंय ते. जुनंपानं नगा देऊ. इनबाई काय म्हनतील?"

झालं. दोघांचं मत पहिल्यांदाच जुळलं, आणि ते नेमकं चुकीच्या ठिकाणी जुळलं. बसप्पांनी फर्मान सोडलं, "एनटीएफएस टाक. आन् आमच्या व्याह्यांचा टीव्ही नवाकोरा हाय, भिंतीएवढा."

"पण फिल्म बघायची कुणाच्या टीव्हीवर?" योगीराजनं विचारलं. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं रिचार्जला आली आणि त्याचा तो शहाणा प्रश्न काउंटरवरच राहिला.

पेनड्राइव्ह हातात आला तसं नीलम्माला दुसरंच सुचलं. "ह्यात काई हाय का?"

"कोरा हाय, मावशी."

"म्हंजे रिकामा?" नीलम्मा उठून आत आली. तिच्या हातून आजवर शेजारची वाटीसुद्धा रिकामी परत गेली नव्हती. ताक आणलेल्या तांब्यात निदान चार मिरच्या घातल्याशिवाय ती तो परत करत नसे. आणि हे तर विहिणीच्या घरी जाणार! मग मठातल्या सप्ताहाची भजनं योगीराजच्या कॉम्प्युटरमध्ये होती, ती त्यानं भरून दिली. पेनड्राइव्ह भरला म्हणून तो ठेवायला डबा आला, आणि डबा रिकामा कसा जाणार म्हणून त्यात लसणाची चटणी आली. चटणीवर कागद, कागदावर रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह, अशा थाटात तो बजरंगच्या टेम्पोत बसला.

परत आला तोही तसाच. डब्यात पार्वतीबाईंचे तिळाचे लाडू, वर पेनड्राइव्ह, आणि धनश्रीचा फोन : "आई, फिल्म टाकलीय. आत्याबाईनंबी त्यांचं काईतरी टाकलंय, रिकामं कसं पाठवायचं म्हनून." विहीण आपल्याच पंथातली आहे हे कळून नीलम्माला बरं वाटलं.

दुपारी पाच-सहा बायका जमल्या. टीव्हीवरचं विणलेलं कापड निघालं. बसप्पांनी दुकान बंद करून येऊन पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीत खुपसला आणि रिमोट दाबला. टीव्हीनं थोडा विचार केला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ टाकली. बायकांतल्या एकीच्या कॉलेजातल्या लेकीनं ती वाचली. "हे वाचता येईना म्हनतोय."

बसप्पांनी पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारली, पदर मागून घेतला, पुसला, परत घातला. टीव्ही आपल्या शब्दाला पक्का होता. बसप्पांनी त्याच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. या उपायानं त्यांचा जुना टीव्ही चालत असे, आणि तो त्यामुळंच बंद पडला होता.

लाडू खाऊन बायका उठल्या. जाताना समोरच्या सुलाबाई उंबऱ्यात थांबल्या. वाईट बाई नव्हती ती, पण मनात आलेलं तोंडात थांबत नसे. "नीलम्मा, वाईट नगं वाटून घेऊ. पण रीतच हाय की तुमची. आईनं बघू नये म्हन्जे नये. देवाच्या मनात नसंल."

नीलम्मा हसली, पण त्या रात्री ती ताट तसंच ठेवून उठली. इतके दिवस स्वतःच दिलेला निकाल आता तिचा तिलाच खरा वाटेना. आपण चोरून काही बघायला निघालो आणि कुणीतरी दार लावून घेतलं, असं तिला वाटत राहिलं. आणि भीती वाटली, की आपल्या हौसेपायी लेकीच्या संसाराला काही लागायला नको.

"ह्या टीव्हीच्या मायला," बसप्पा हात धुताना म्हणाले. "उद्या मी त्या योगीराजलाच धरतो."

"तुमी न्हाई," नीलम्मा म्हणाली. "मी येते."

दुसऱ्या दिवशी योगीराजनं पेनड्राइव्ह हातात घेतला, हुंगला आणि म्हणाला, "काका, ह्याला लसणाचा वास यायलाय." मग त्यानं कॉम्प्युटरला लावला. सगळं आत होतं : भजनं होती, सात जीबीची एक सलग फिल्म होती, आणि पार्वतीबाईंचा छोटा व्हिडिओ होता. तो त्यानं लावून दाखवला. पदर नीट करून, नजर कॅमेऱ्याच्या जरा वर ठेवून पार्वतीबाई म्हणत होत्या, "शरणार्थ इनबाई. पोरगी सुखात हाय. भोगीच्या भाजीला हात लय चांगला हाय तिचा, तुमीच शिकवलं म्हनती." नीलम्मानं भर दुकानात कॉम्प्युटरला हात जोडले.

"मावशी, फिल्मबी इथंच बगता का? हे बगा, लावतो," योगीराज म्हणाला आणि त्यानं बटण दाबलंसुद्धा.

नीलम्मानं गच्च डोळे मिटले. "बंद कर! बंद कर आधी!" मागं रिचार्जवाले, कव्हरवाले, एक चार्जर बदलून मागणारा, सगळे माना लांब करून उभे. "लेकीच्या अक्षता काय बाजारात उभं ऱ्हाऊन बघायच्या?" बंद झालं असं दोनदा वदवून घेतल्यावर तिनं एक डोळा उघडला. एवढं जवळ आलेलं तिनं सोडलं. बसप्पांना ते कळेना. "टीव्हीवर लागंना ते देवाच्या मनात न्हाई म्हनून तर न्हाई?" तिनं योगीराजला विचारलं.

"मग असं करा," योगीराज म्हणाला. "देवाचं काई नसतंय ह्यात, मावशी. तुमच्या टीव्हीला हे फॉरमॅट वाचता येत न्हाई, एवढंच हाय. माणसाला मोडी येत न्हाई, तसं. मी फॅट थर्टी-टू करून देतो. ते त्याला येतंय."

देवाचं काही नाही, हे ऐकून नीलम्माचा जीव असा भांड्यात पडला की ती बाकावर बसलीच. मग तिला आठवलं. "पण ते तर जुनं म्हनलास तू. त्यात मोठं मावत न्हाई म्हनलास."

"अखंड मावत न्हाई. फिल्मचे तुकडे करावे लागतील."

'तुकडे' हा शब्द ऐकून नीलम्माच्या कपाळाला आठी पडली. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं असं शिकलेली बाई ती. लग्नाचे तुकडे! "तुकडे म्हनू नगं," ती म्हणाली. "दोन भाग म्हन. अखंड भाकरी डब्यात मावत न्हाई तर चतकोर करून घालतोच की आपन. भाकरीच असती ती."

"तेच म्हनायलो मी. करू का दोन भाग? आत्ताच करतो."

"तू न्हाई. लेकीच्या लग्नाला कातरी लावायची तर लेकीनं लावावी." तिनं बसप्पांचा तडकलेला फोन मागून घेतला आणि धनश्रीला लावला. "धना, तूच कर बाई. आन् ऐक, कुठंबी कापू नगं. अक्षतांच्या मधून तर अज्याबात न्हाई."

"मग सगळी बघावी लागंल गं आई," धनश्री म्हणाली. "अजून धड बघितलीच न्हाई मी. शाळेतली नोकरी, घर, पाव्हने, टाइमच भेटंना."

"मग बघ. नवरी होतीस तू, तुलाबी कुठं काय दिसलं आसंल."

इकडं योगीराजनं आतलं सगळं आधी आपल्याकडं उतरवून घेतलं, कारण फॉरमॅट केलं की जुनं पुसलं जातं, आणि विहिणीचा शरणार्थ पुसून चालणार नव्हतं. मग पेनड्राइव्ह नवा करून भजनं आणि पार्वतीबाई परत आत बसवल्या. फिल्मची जागा मोकळी ठेवली. डब्यात या वेळी शेंगदाण्याची चटणी गेली, कारण योगीराजनं हात जोडून तशी विनंती केली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पेनड्राइव्ह आला. नीलम्मानं बायकांना बोलावलं, सुलाबाईंना मुद्दाम आधी बोलावलं. बसप्पांनी पेनड्राइव्ह लावला आणि, खबरदारी म्हणून, टीव्हीच्या डोक्यावर हात नुसता ठेवून उभे राहिले. टीव्हीनं थोडा विचार केला आणि पडद्यावर मराठीत नावं आली. धनश्रीनं फिल्मच्या भागांना नावं दिली होती : 'आधी' आणि 'अक्षता'.

"आलं!" बसप्पा ओरडले, जणू फॅट थर्टी-टू त्यांनीच शोधून काढलं होतं.

'आधी'मध्ये हळद होती, रुखवत होतं, पंगत होती. बायकांना आपापली लुगडी ओळखून झाली. कुणाचा नवरा दोनदा जेवायला बसला हेही सापडलं. नीलम्मा हसत होती, वाण देत होती, पण तिचं अर्धं लक्ष पुढच्या नावाकडं होतं. मग तो भाग आला. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि पदर नीट केला.

पडद्यावर धनश्री उभी होती. हिरवा शालू, कपाळावर विभूती आणि कुंकू, बाशिंगाच्या लडी गालावर हलत होत्या. किती मोठी दिसत होती, आणि किती लहान! स्वामींचा आवाज चढला आणि चहूबाजूंनी पिवळी ज्वारी उडाली. नीलम्माच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिनं पुसलं नाही, पुसताना एखादी अक्षता चुकली असती.

"आगं पन ही पोरगी बघायली कुठं?" सुलाबाई म्हणाल्या. "नवरा समोर हाय आन् ही बाजूला बघायली. सगळ्या अक्षता होईस्तोर तिकडंच मान."

खरंच. मल्लेश समोर उभा होता, स्वामी होते, कॅमेरा होता. धनश्री यातल्या कुणाकडं बघत नव्हती. ज्वारी डोळ्यांत जाईल म्हणून बाकीचे पापण्या मिटत होते, ती तेवढीही मिटत नव्हती. फोटोग्राफरलाही ते खटकलं असावं, कारण त्यानं कॅमेरा हळूच ती बघत होती तिकडं वळवला. गर्दीच्या खांद्यांमधून एक निळं दार दिसलं. आत एक बाई पाठमोरी बसली होती. तिचा हात वर जायचा आणि भिंतीवर मूठ मोकळी व्हायची. परत वर जायचा, परत मोकळी व्हायची.



"माझ्याकडं," नीलम्मा म्हणाली. "माझ्याकडं बघायली ती."

तिला वाटत होतं, आपण एकट्याच राहिलो. इकडं लेक सगळं लग्न सोडून तिच्या पाठीकडं बघत उभी होती, आई एकदा तरी वळेल म्हणून. आणि आई रीत पाळत होती. नीलम्मा हुंदका देऊन रडली आणि रडता रडताच हसली, कारण भिंतीवर ज्वारी फेकणारी ती बाई मागून फारच मन लावून काम करताना दिसत होती. सुलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "माझी जीभ जळो," त्या म्हणाल्या. "परत लाव गं." मग ते परत लावलं गेलं, आणि बायका घरी जाईपर्यंत किती वेळा लागलं याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बजरंगचा टेम्पो निघणार होता. डब्यात गुळाच्या पोळ्या भरून झाल्या. पेनड्राइव्ह हातात घेऊन नीलम्मा म्हणाली, "आवो, तुमचा फोन घ्या आन् हितं उभं ऱ्हावा. माझा व्हिडिओ काढा."

"काच फुटलीय की."

"कॅमेरा तर फुटला न्हाई ना?"

बसप्पा अंगणात फोन धरून उभे राहिले. नीलम्मानं लग्नातलंच लुगडं नेसलं होतं. देवळीत एका वाटीत त्या दिवशीची मूठभर ज्वारी उरली होती, ती तिनं ओंजळीत घेतली. पार्वतीबाई बघत होत्या तसं कॅमेऱ्याच्या वर नाही, थेट कॅमेऱ्यात बघितलं.

"धना," ती म्हणाली, "हे बघ. आता तोंड तुझ्याकडं हाय."

आणि तिनं दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या. बसप्पांच्या मिशीत, चष्म्यावर, फोनच्या तड्यात ज्वारी गेली, पण त्यांनी हात हलू दिला नाही.

योगीराजच्या दुकानात तो व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये एका क्षणात उतरला. एवढासाच होता तो. "मावशी, फॉरमॅट बदलायचा का?" त्यानं हसत विचारलं. "व्याह्यांच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर लावायचाय."

"हाय तेच ऱ्हाऊ दे," नीलम्मा म्हणाली. "तेच कुठंबी चालतंय." तिनं पेनड्राइव्ह रुमालात बांधला, पोळ्यांवर कागद घातला, त्यावर तो ठेवला आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.